खतगाडीची तिसरी खाच

अमडापूरच्या शालिग्राम मास्तरांनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टींच्या मापाबद्दल आग्रह धरला. एक म्हणजे मुलांच्या गणिताच्या पेपरातले गुण, आणि दुसरी म्हणजे आमटीतलं मीठ. गुणांच्या बाबतीत सगळा तालुका त्यांना वचकून असे. मिठाच्या बाबतीत मात्र घरात त्यांचं कोणी काडीचंही ऐकलं नाही. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांचा हात सढळ होता. आलेल्यागेलेल्याला त्या जितक्या मोकळ्या हातानं वाढत, तितक्याच मोकळ्या हातानं मीठही घालत. "मीठ जास्त झालं," असं मास्तर रोज म्हणत आणि "जेवा मुकाट्यानं," असं त्या रोज म्हणत. तीस वर्षांचा संसार या दोन वाक्यांवर सुखानं चालला होता.

मास्तर हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि शेती करू लागले, इथून पुढे बिघडलं. शेती अन्नपूर्णाबाईंची होती. त्यांच्या वडिलांनी लग्नात लेकीच्या नावानं अमडापूरच्या शिवारात चार एकर विहिरीचं वावर घेऊन दिलं होतं. मास्तरांनी पहिल्या वर्षी दोरी लावून हरभरा पेरला. ओळी इतक्या सरळ आल्या की लोक बघायला आले. पण दोरी लावता लावता पेरणीजोगी ओल, म्हणजे वापसा, निघून गेला होता, त्यामुळे बघण्यासारख्या फक्त ओळीच होत्या. दुसऱ्या वर्षाबद्दल मास्तर बोलत नसत आणि आपणही बोलू नये.

अन्नपूर्णाबाईंचा धाकटा भाऊ इंद्रभान मोताळ्याला राहायचा. बागायतदार माणूस, कडक इस्त्रीचं धोतर, आणि मेहुण्याच्या शेतीवर बारीक नजर. "ताई, वावर मले अर्ध्या वाट्याच्या बटईनं दे. दाजीले खुर्चीवर बसू दे, पेपर वाचू दे," असं तो दर भेटीत सांगायचा. शेवटी अन्नपूर्णाबाईंनी निकाल दिला.

"ही रब्बी तुमची," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "या खेपेले बी वावराचा इचका झाला, तर वावर इंद्रभानच्या हाती देईन. मंग मले काही म्हनू नका."

 हे मास्तरांना फार लागलं. माणसाला खुर्चीवर बसवणं हा मान कुठे असतो आणि अपमान कुठे असतो, हे ज्याला बसवतात त्यालाच कळतं.

नेमक्या याच दिवसांत पंचायत समितीनं खतगाडी आणली. महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती, पंचायत समित्या नव्या कोऱ्या होत्या आणि त्यांच्या गोदामांत काय काय येऊन पडेल याचा नेम नव्हता. ही खतगाडी म्हणजे बैलांनी ओढायचं यंत्र. दोन लोखंडी चाकं, मधे आडवी लांब पेटी, पेटीच्या तळाला भोकांची रांग. भोकांवर एक सरकती पट्टी. बाजूचा खटका एकेक खाच पुढे नेला की पट्टी सरकायची, भोकं मोठी व्हायची आणि खत जास्त पडायचं. चाक फिरलं की आतला दांडा फिरे आणि खत वावरात सारखं पसरे. निदान तसं पसरावं अशी पंचायत समितीची अपेक्षा होती.

चावडीतल्या सभेत कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी हे सारं समजावून सांगितलं. ते पुण्याकडचे होते आणि बोलताना प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवत. "एकरी पन्नास किलो सल्फेट खत द्यायचे. म्हणजे गुंठ्याला साधारण दीड किलो," ते म्हणाले.

"सव्वा!" मागून आवाज आला. मास्तर उठून उभे राहिले होते. चुकलेलं गणित ऐकून बसून राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

साहेबांनी बोटांवर हिशेब केला, घाम पुसला, आणि जाहीर केलं की गावात इतका जाणता माणूस असताना यंत्राचं माप बसवण्याचं काम त्यांच्याकडेच द्यावं आणि दसरा झाला की प्रात्यक्षिकही त्यांच्याच वावरात करावं. टाळ्या वाजल्या. मास्तरांच्या डोळ्यांपुढे इंद्रभानचा चेहरा आला, आणि त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खतगाडी त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. सोबत हुकूमही आला. त्यात म्हटलं होतं की, चाचणी घेऊन माप बसवल्याशिवाय प्रात्यक्षिक करू नये. पुढच्याच ओळीत म्हटलं होतं की, चाचणीसाठी खत देण्याची तरतूद नाही. खत प्रात्यक्षिकापुरतंच मिळेल. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"त्याच्यात काय एवढं?" शेजारचा दयाराम कुंपणावरून म्हणाला. दयारामला स्वतःच्या घरात कोणी बोलू देत नसे, त्यामुळे त्याच्याजवळ सल्ल्यांचा बराच साठा शिल्लक असे. "राख टाका अन् फिरवा."

राख टाकली. चाक फिरवलं. राख खाली न पडता वर आली आणि मास्तर, दयाराम आणि वाळत घातलेली सगळी धुणी एका रंगाची झाली. मग दयारामनं वाळू सुचवली. वाळूनं आतला दांडाच धरून ठेवला; तो सोडवायला लोहार आणावा लागला. मग ज्वारी. ज्वारी छान पडली, पण चादरीवरून उचलून मोजण्याआधीच आळीतल्या सगळ्या कोंबड्यांनी ती आपल्यात वाटून घेतली.

"हे पाहा मास्तर," दयाराम म्हणाला, "सल्फेट कसं असते? पांढरं, दाणेदार. तसं घरात दुसरं काय असते?"

मास्तर सावकाश स्वयंपाकघराकडे वळले. वर्षाचं मीठ पोत्यानं भरून ठेवलेलं होतं.

खडेमीठ कुटून बारीक करायचं काम अर्थातच अन्नपूर्णाबाईंकडे आलं. "तीस वर्सं मीठ जास्त झालं म्हनून कटकट केली, अन् आता पोतंच मांगून राह्यले," असं त्या उखळाला ऐकवत होत्या. पण मीठ चाललं! खतगाडीचं एक चाक दगडावर उचलून धरलं, खाली चादर अंथरली आणि गुंठाभर जमिनीत चाकाचे जेवढे फेरे होतात तेवढे फिरवले. मीठ सळसळत खाली आलं. मास्तरांना निवृत्तीनंतर प्रथमच बरं वाटलं.

आता वजन. त्यासाठी बाजारातला मापारी तुळशीराम तागडी घेऊन आला. त्याच्याकडे नव्या किलोची चकचकीत वजनं होती, ती इन्स्पेक्टर आला की दाखवायची. आणि जुन्या शेराची काळी वजनं होती, ती बाकीच्या दिवसांची. मास्तरांनी हट्टानं किलोची वजनं काढायला लावली. तुळशीरामनं ढिगाला हात जोडले, त्यातली एक मूठ काढून बाजूला ठेवली आणि मग तागडी उचलली.

"ही मूठ कायची?" मास्तरांनी विचारलं.

"देवीची. मापाच्या आधी देवीची मूठ काढा लागते."

"अरे, पण हे चाचणीचं मीठ आहे! सगळं मोजायचं."

तुळशीरामनं ती मूठ परत टाकली, आणि मन खाऊ नये म्हणून वरून पोत्यातली आणखी एक टाकली. पुन्हा मोजलं, तर आता जास्त. "मला सारखं माप पाहिजे, तुळशीराम. झुकतं नको," मास्तर म्हणाले.

तुळशीराम गंभीर झाला. "मास्तर, माया बापानं कोनाले सारखं माप देल्लं नाई, माया आज्यानं देल्लं नाई. घेनाऱ्याकडं तागडी झुकलीच पायजे. सारखं मोजून मी खाली मान घालून कुठं जाऊ?"

हा प्रश्न गणिताचा नव्हता, म्हणून मास्तरांनी तो सोडून दिला. शेवटी तुळशीरामला चहा देऊन ओट्यावर बसवलं आणि तागडी मास्तरांनी स्वतः हातात धरली. पहिल्या खाचेला मीठ कमी पडलं. दुसऱ्या खाचेलाही कमी. चौथ्या खाचेला भरमसाट. तिसऱ्या खाचेला तागडीचा काटा मधोमध येऊन उभा राहिला: सव्वा किलो! मास्तरांनी पुन्हा करून पाहिलं. सव्वा किलो! त्यांनी खटका तिसऱ्या खाचेत बसवला, सुतळीनं घट्ट बांधला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता याला कोणीही हात लावायचा नाही."

तोवर मिठाचा वास काढत आळीतली जनावरं अंगणात जमली होती. शेळ्यांनी चादर चाटली, गाईंनी खतगाडी चाटली, आणि एका म्हशीनं तुळशीरामचं काळं शेराचं वजन चाटून पुसून असं लख्ख केलं की ते नवं दिसू लागलं.

मग खतगाडी रस्त्यावर चालवून पाहायचं ठरलं. मास्तरांचे बैल हरण्या आणि कप्तान. दोघेही गुणी, पण त्यांना एक खोड होती. घरापासून लांब जाताना ते वरातीतल्या करवल्यांसारखे चालत, आणि घराकडे तोंड झालं की गोठ्याच्या ओढीनं सुटत. त्यामुळे जाताना मीठ एक पडे आणि येताना दुसरंच. शिवाय येताना रस्त्यावर आधीच पडलेलं मीठ दिसलं की दोघं मान खाली घालून चाटत उभे राहत, आणि ते उभे असले की गाडीही उभी. यावर दयारामनं तोड काढली: हिरव्या चाऱ्याची पेंडी खांद्यावर घेऊन कोणीतरी बैलांच्या पुढे चालावं, म्हणजे दोन्ही दिशांना चाल एकसारखी राहील. कोणीतरी म्हणजे मास्तर, कारण चालीचं माप त्यांनाच ठाऊक.

आणि अशा रीतीनं, ज्यांच्या पावलाच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचे, ते शालिग्राम हेडमास्तर खांद्यावर पेंडी घेऊन भर रस्त्यानं चालू लागले. मागे दोन बैल जिभल्या चाटत येत होते. एसटी थांबली, आतल्या लोकांनी खिडक्यांतून माना काढल्या. त्यांतल्या कोणीतरी ही बातमी मोताळ्याच्या बाजारात पोचवली, आणि पोचेपर्यंत ती चांगलीच वाढली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी इंद्रभान धापा टाकत दारात उभा राहिला.

"ताई! दाजी वावरात मीठ पेरून राह्यले म्हने! आख्ख्या मोताळ्यात बोभाटा झाला. अवो, मीठ पडलेल्या जमिनीत गवत बी उगवत नाई!"

"वावरात नाई रे, चादरीवर," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पण इंद्रभान परत गेला नाही. प्रात्यक्षिक पाहूनच जातो म्हणाला आणि ओट्यावर मुक्काम ठोकला. त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं की वावर हातात आल्यावर त्यात काय पेरायचं हे त्यानं ठरवून टाकलंय.

खंडेनवमीला मास्तर सल्फेटची क्विंटलभराची दोन पोती सोडवायला चिखलीला गेले. तिथं अर्ज होता पण सही नव्हती, सही मिळाली तर शिक्का नव्हता, आणि शिक्का ज्याच्याकडे होता तो दसऱ्यासाठी गावी गेला होता. त्याच्या गावापर्यंत जाऊन शिक्का मिळवून मास्तर परतले तेव्हा घरची पूजा आटोपली होती. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून पूजायची असतात. विळा, कुऱ्हाड, वखर, तिफण अशी सगळी ओळीनं मांडलेली होती, आणि त्यांच्या शेवटी खतगाडी उभी होती. धुतलेली, तेल लावलेली, हळदीकुंकवानं भरलेली. खटक्याच्या अंगाला झेंडूचा हा एवढा मोठा हार. मास्तरांना ते पाहून बरं वाटलं. एवढ्या दिवसांत घरात कोणीतरी आपल्या यंत्राला मान दिला होता.

दसरा गेला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विहिरीच्या वावरात सारा गाव लोटला. जीपमधून बीडीओ साहेब, सभापती आणि पुण्याकडचे अधिकारी उतरले. सोबत फोटोवाला होता. मास्तर खटक्यावरचा हार काढायला पुढे झाले, तर सभापती म्हणाले, "असू द्या, असू द्या. फोटोत चांगला दिसते." नारळ फुटला. पेटीत खत भरलं. मास्तरांनी पेंडी खांद्यावर घेतली आणि बैलांच्या पुढे उभे राहिले. कासरा दयारामकडे, बादल्यांनी खत भरायचं काम तुळशीरामकडे.

बैल चालू लागले आणि ते खरोखर एकसारखे चालले! मास्तरांना मागं वळून पाहायची सोय नव्हती, पेंडी आड येत होती; पण मागून लोकांचे "वा! वा!" ऐकू येत होते. साहेब भाषण करत होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. प्रत्येक फेरीला तुळशीराम पेटी भरत होता, आणि भरताना त्याच्या सवयीनं वर आणखी थोडं टाकत होता. मास्तरांच्या मनात मात्र गहू डुलत होता, सगळ्या चार एकरांत एकाच उंचीचा.

पाचवी फेरी संपली तशी दयारामची हाक आली. "मास्तर, थांबा. खत सरलं."

"सरलं म्हणजे? दुसरं पोतं फोडा."

"दुसरंच सरलं."

मास्तर वळले. चार एकरांचं खत जेमतेम पाऊण एकरात पडलं होतं. तेवढी जमीन मिठागरासारखी पांढरी झाली होती आणि पुढचं सगळं वावर जसं होतं तसं काळं पडून होतं. मास्तरांच्या खांद्यावरून पेंडी खाली घसरली. हरण्या आणि कप्तान तेवढेच त्या क्षणी सुखी होते.

"आपण माप बसवले होते ना?" पुण्याकडचे अधिकारी म्हणाले. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला.  सव्वा किलो त्यांनी स्वतः मोजलं होतं. तागडी स्वतः धरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपल्याला गणित येत नसावं.

इंद्रभान पुढे आला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "ताई, आता सांग. चार मानसांसमोर सांग. वावर मले देतं का नाई? दाजीले आता आराम करू दे."

 मास्तर जमिनीकडे बघत उभे होते. अन्नपूर्णाबाई बायकांच्या घोळक्यातून निघून सरळ खतगाडीपाशी आल्या. त्यांनी हार बाजूला केला. खटका थेट शेवटच्या खाचेत होता. तिथं सुतळी नव्हती.

"हे कोन्या खाचेवर पायजे होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"तिसऱ्या," मास्तर कसेबसे म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला. "तिसऱ्या खाचेवरच होतं. म्या सरकवलं."

"तू?"

"हाव, म्या. खंडेनवमीले धुतांना सुतळी मळकी दिसली, सोडून टाकली. आत वाकून पाह्यलं, तं एवढुशी फट! मुंगी जाईन एवढी. म्या म्हटलं, सनासुदीचं मायाच वावराले हात आखडता काऊन? तं देवाचं नाव घेतलं अन् पार शेवटापर्यंत सरकवलं." मग त्या भावाकडे वळल्या. "यायचं माप बरोबर होतं, इंद्रभान. चूक माही हाय. चूक ज्याची त्याच्या हातून वावर काढाचं असन, तं माया हातून काढा लागीन, अन् वावर तं मायाच नावावर हाय. म्हनून ते कुठी जात नाई. यायच्याकडंच राहीन."

इंद्रभाननं धोतराची इस्त्री सारखी केली. सभापती खोकले. तुळशीराम तेवढा हळूच दयारामला म्हणाला, "पाह्यलं? घेनाऱ्याकडं झुकतं माप. बाईले समजते."

आणि मास्तर? पाऊण एकर पांढरंफटक, खत संपलेलं, साहेब जीपमध्ये बसून निघालेले, आणि मास्तरांचा चेहरा असा उजळला होता जणू ते बोर्डात पहिले आलेत. "म्हणजे सव्वा किलोच होतं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दयाराम, ऐकलंस ना? सव्वाच होतं!" त्यांचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांत अन्नपूर्णाबाईंनी आपली चूक कबूल केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आज केली ती सभापतींसमोर, सख्ख्या भावासमोर आणि अख्ख्या गावासमोर, आणि केली ती आपल्यासाठी, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

पुढे त्या पाऊण एकरातला गहू छातीला लागेल एवढा वाढला आणि मग दमून आडवा झाला. बाकीच्या वावराला अन्नपूर्णाबाईंनी उकिरड्यावरचं शेणखत दिलं आणि त्यानं घराची लाज राखली. इंद्रभान गव्हाच्या ओंब्या खायला येऊन गेला तेव्हा बटईचा विषय त्यानं काढला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तर पाटावर जेवायला बसले. घरातलं मीठ सगळं चाचणीत गेलं होतं, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी दयारामच्या घरून वाटीभर आणलं होतं. त्यांनी ताटात आमटी वाढली आणि नेहमीप्रमाणे चुलीकडे न वळता समोर बसून राहिल्या. मास्तरांनी पहिला घास घेतला. आमटीत वाटीभरातलं निम्मं तरी उतरलं असावं.

"मीठ कसं हाय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. हे त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी घास गिळला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी सव्वा."

आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा झाल्यावरच खाली ठेवला.

"मंग एवढं पानी काऊन पिऊन राह्यले?"

"दिवसभर उन्हात होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आणखी थोडी आमटी मागून घेतली.